चणे, दात आणि कायमिरा

चणे आहेत तर दात नाहीत आणि दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण ज्याने कुणी काढली तो माणूस नागपूरचाच असला पाहिजे. सकाळी आठ वाजता टपरीवर उभं राहून तर्री-पोहे खाताना त्याची दाढ दुखली असणार आणि तर्रीत बुडालेल्या चण्यांकडे बघत त्याने हे उद्गार काढले असणार. मला याची खात्री वाटते, कारण वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माझ्यावर नेमका तोच प्रसंग आला. प्लेट हातात, चणा तोंडात, आणि मेंदूत एकदम वीज चमकली. पोहेवाला म्हणाला, "काय झालं काका? तर्री तिखट झाली का?" नागपूरच्या माणसाला तर्री तिखट लागली असं म्हणणं म्हणजे त्याच्या सात पिढ्यांचा अपमान. मी डोळ्यांतलं पाणी पुसत "हाव ना, मस्त झाली" म्हटलं आणि उरलेले चणे रस्त्यावरच्या कबुतरांना घातले.

दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घातला, पाडायला काढलेल्या इमारतीत इंजिनियर फिरतो तसे ते दहा मिनिटं आत फिरले आणि म्हणाले, "वरचे सगळेच काढून टाकू. कवळी छान बसेल."

"सगळे?"

"किती दिवस धरून बसणार?"

हे वाक्य माझ्या परिचयाचं होतं. २०१४ साली माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या दादाने, हेच वाक्य म्हटलं होतं. विषय दातांचा नव्हता, महालातल्या आमच्या वडिलोपार्जित घराचा होता. दादा मुंबईला. नोकरीत तीन कंपन्या बदलल्या, चार फ्लॅट बदलले, गाड्या किती बदलल्या ते आरटीओलाच ठाऊक. मी मात्र ज्या खुर्चीत कारकून म्हणून बसलो तिच्यातूनच हेडक्लार्क होऊन उठलो. आम्हीसुद्धा मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो आणि महालातलं घर कुलूप लावून पडलं होतं; पण ते विकायचं म्हटलं की माझ्या पोटात कालवायचं. दादा म्हणाला, "बाळू, तू जन्मात बदलायचा नाहीस." मी म्हटलं, "नाही बदलणार." त्यानंतर अकरा वर्षं आमचं बोलणं दिवाळीपुरतं, आणि तेही बायकांमार्फत. "भाऊजींना शुभेच्छा सांगा." "तुमच्याही ह्यांना सांगा." संपली दिवाळी.

तर मी दातांची तारीख पुढे ढकलून घरी आलो, तो दारातच मुक्ता उभी. मुक्ता म्हणजे माझी नात, इयत्ता चौथी. शाळेत 'समुद्रातले प्राणी' असा प्रकल्प होता आणि चिठ्ठ्या टाकून प्राणी वाटले होते. कुणाला डॉल्फिन आला, कुणाला देवमासा. आमच्या मुक्ताला आला 'कायमिरा'.

"आबा, कायमिरा म्हणजे काय?"

आता आजोबा या पदाची पहिली अट अशी, की "माहीत नाही" असं म्हणायचं नाही. मी म्हटलं, "आपण प्रत्यक्ष पाहून अभ्यास करू." हे बोलताना मी एक गोष्ट विसरलो होतो. आपण राहतो त्या गावात झीरो माइलचा दगड आहे. इंग्रजांनी तो रोवला तेव्हा बहुधा समुद्र कुठूनही सारखाच लांब पडेल अशी जागा शोधली असावी. शिवाय आमच्या घरी मासा म्हणजे फक्त मत्स्यावतारातला. त्यापलीकडे माझा माशांशी संबंध नाही.

तरीही आजी देवळात गेल्याची संधी साधून मी नातीला घेऊन मासळीबाजारात गेलो. पाटीमागची बाई आमच्याकडे पाहून म्हणाली, "काय पायजे बाबूजी? रहू हाय, कतला हाय, मरळ हाय. जित्ती हाय मरळ."

मी आवाज खाली घेऊन विचारलं, "कायमिरा आहे का?"

"कोन मीरा?"

"मीरा नाही. कायमिरा. मासा आहे."

ती शेजारणीला म्हणाली, "अवं, हे बाबूजी कोन्या मीराले शोधून राह्यले." साऱ्या ओळीत हशा पिकला. मी नातीचा हात धरून काढता पाय घेतला. तिथून अजब बंगला. १८६३ पासून उभं असलेलं हे आमचं संग्रहालय. नाव अजब, तेव्हा अजब प्राणी तिथे असणारच हा माझा तर्क. पण कायमिऱ्याची भेट तिथेही झाली नाही. शेवटी मुलाने मोबाइलवर चित्र काढून समोर धरलं आणि म्हणाला, "बाबा, हा बघा. उगाच ऊन्हात पोरीला फिरवू नका."

पाहिलं, आणि प्रथमदर्शनी मला वाटलं, ब्रह्मदेवाने सृष्टी संपवली आणि टेबलावर उरलेले सुटे भाग फेकून द्यायला जिवावर आलं म्हणून हा मासा जुळवला. तोंड सशासारखं, शेपटी उंदरासारखी लांबलचक, डोळे मोठाले हिरवट चकाकणारे, अंग खवल्यांशिवाय गुळगुळीत. पोहतो म्हणावं तर शेपटीने नव्हे, छातीचे पंख पक्ष्यासारखे हलवत उडतो. इंग्रज त्याला कुणी उंदीरमासा म्हणतात, कुणी ससामासा, कुणी भुताटकी शार्क. १७५८ साली लिनियसने एका जातीचं शास्त्रीय नाव ठेवलं, तेही 'कायमिरा मॉन्स्ट्रोसा'. ग्रीक पुराणात कायमिरा नावाची राक्षसी आहे, पुढून सिंह, मधे बकरी आणि शेपटीला साप. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो ना, त्याचीच ही ग्रीक मावसबहीण.

अशा जाती आज पन्नासाच्या वर आहेत. बहुतेक सगळ्या समुद्राच्या तळाशी, २०० मीटरपासून दोन-अडीच हजार मीटर खोल, जिथे सूर्य कधी पोचत नाही. आपल्या अरबी समुद्रातही त्या आहेत. खोल पाण्यात जाळी टाकणाऱ्या बोटींतून लांब नाकाची एक जात कोचीच्या बंदरावर येते आणि तिच्या यकृताचं तेल काढतात. माशाला हवेची पिशवी नसते, तरंगायला हे तेलच कामी येतं.

हे सगळं मी वहीत उतरवत होतो, मुक्ता पुठ्ठ्याचा मासा कापत होती. मग दातांचा विषय आला आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

शार्कला दातांची कमतरता नसते. एक पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकतो. जन्मभरात हजारो दात येतात आणि जातात. कायमिऱ्याचं तसं नाही. त्याला दात असे नसतातच. दातांच्या जागी टणक पाट्या, वर दोन जोड्या आणि खाली एक, एकूण सहा. ह्याच सहा पाट्यांवर जन्म काढायचा. पुढून झिजतात, मागून वाढतात. त्यांनी तो खेकडे आणि शिंपले कडाकड फोडतो. वरचा जबडा तर कवटीशी कायमचा जोडलेला. म्हणजे धरून बसणं काय असतं ते या माशाकडून शिकावं. मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

आणि पुढचं वाक्य वाचून तर मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारली. "अहो ऐकलंत का! ह्याला पोटच नाही!"

"पोट नाही मग जेवतो कुठे?"

खरोखरच त्याला जठर नाही. अन्न घशातून थेट आतड्यात. आम्ल नाही, त्यामुळे ॲसिडिटी नाही. चाळीस वर्षं उशाशी गोळ्या ठेवून झोपणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटणार नाही तर काय? एकूण म्हणीत तिसरी ओळ घालायला हरकत नाही. चणे आहेत तर दात नाहीत, दात आहेत तर चणे नाहीत, आणि दोन्ही आहेत तर पोटच नाही.

मुक्ता चित्र निरखून म्हणाली, "आबा, ह्याच्या कपाळावर हे काय आहे?"

मी वाचलं, आणि चष्मा पुसायला घेतला. नराच्या कपाळावर एक दांडी असते, टोकाला बारीक काटे असलेली, आत मिटून ठेवता येणारी. मीलनाच्या वेळी मादीचा पंख धरून ठेवायला ती उपयोगी पडते. हे काटे म्हणजे खरेखुरे दात आहेत, आणि ते तोंडातले दात ज्या पेशींच्या पट्टीतून उगवतात तशाच पट्टीतून उगवतात, हे २०२५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. तोंडाबाहेर असं कुणी पाहिलं नव्हतं. शास्त्रज्ञांना आनंद झाला असेल, पण चौथीतल्या मुलीला काय सांगायचं? मी म्हटलं, "आजीला विचार."

आजीने चित्राकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "नवरदेव असेल. मुंडावळ्या बांधायला ठेवलंय." पस्तीस वर्षं मी ऑफिसात पत्रांची उत्तरं लिहिली, पण इतकं नेमकं उत्तर मला कधी सुचलं नाही.

रात्री सगळे झोपल्यावर मी एकटाच वाचत बसलो. शार्क आणि कायमिरा हे मुळात एकाच घरातले. दोघांच्याही अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी त्यांची वाटणी झाली. शार्क चर्चेत राहिले, त्यांच्यावर सिनेमे निघाले. कायमिरा खाली अंधारात गेला आणि आपलं जुनं घर धरून बसला. त्याच्याच गोतावळ्यातल्या, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या हत्ती-शार्क नावाच्या माशाची जनुकं सिंगापूरचे बायरप्पा वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचून काढली. निष्कर्ष असा, की तोवर तपासलेल्या कणा असलेल्या प्राण्यांत सगळ्यांत हळू बदललेला प्राणी हाच. हे प्रसिद्ध झालं जानेवारी २०१४ मध्ये. आणि दादा मला "तू बदलायचा नाहीस" म्हणाला तेही २०१४ मध्येच! शास्त्रज्ञांनी एका माशासाठी वर्षानुवर्षं प्रयोगशाळा चालवली. दादाने माझं निदान एका मिनिटात, फोनवरून केलं.

पण आणखी एक गोष्ट वाचली ती मनात राहिली. दक्षिण आफ्रिकेत एका हौशी शेतकऱ्याला १९८०च्या दशकात एक दगड सापडला. दगडात २८ कोटी वर्षांपूर्वीच्या माशाची कवटी. बाहेरून पाहिलं तर जुना शार्क. पुढे ती यंत्रात घालून आतून पाहिली, तेव्हा २०१७ साली कळलं, की मेंदूची पेटी आणि कानाची रचना कायमिऱ्याच्या घराण्याची! वरून शार्क आणि आतून कायमिरा. अशी कवटी हाती लागणं हे भाग्यच, कारण कूर्चा टिकत नाही, कुजून जाते. बहुतेक वेळा मागे राहतात त्या दाताच्या पाट्या. त्यांच्यावरूनच ओळखायचं, की इथे अमुक राहत होता.

आणि ह्या दातांच्या शास्त्रात आमच्या नागपूरचंही नाव आहे बरं का. १८४५ पासून इथे राहिलेले पाद्री स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्यांना धर्माइतकाच दगडांचाही नाद. प्राणहितेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, मालेरी गावाजवळ त्यांना माशांच्या दातांच्या पाट्या मिळाल्या. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या. भूगर्भ खात्याच्या थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली त्यांच्यावर निबंध लिहिला आणि त्याच्या मथळ्यातच गावाचा पत्ता दिला, 'नागपूरच्या दक्षिणेला'. एवढं लांबचं गाव, पण पत्ता नागपूरवरून! एका जातीला हिस्लॉपचं नाव मिळालं. हा कायमिरा नव्हे, सेरॅटोडस नावाचा फुप्फुसाने श्वास घेणारा मासा. पण रीत तीच, बाकी सगळं गेलं आणि दाताच्या पाट्या राहिल्या. तेव्हा असा मासा जिवंत कुणी पाहिलेला नव्हता. १८७० साली सिडनीच्या संग्रहालयातल्या क्रेफ्ट यांच्यापुढे ऑस्ट्रेलियातल्या नदीचा एक मासा आला. त्यांनी त्याचं तोंड उघडलं आणि दात पाहून ओळखलं, अरे, हा तर आपल्या पुस्तकातला! हे ऐकायला हिस्लॉप नव्हते. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात ते वाहून गेले.

वही मिटली तेव्हा मला एकदम महालातल्या घराची कौलं आठवली. लहानपणी आमचा दात पडला, की आई तो शेणाच्या गोळ्यात घालून आमच्या हातात द्यायची. अंगणात उभं राहून तो कौलावर भिरकवायचा आणि उंदीरमामाला म्हणायचं, माझा जुना घे, तुझा नवा दे. दादाचा नेम चांगला. माझा गोळा पन्हळीतच अडकायचा. मग दादा काठीने तो वर ढकलायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता रडत आली. तिची दुधाची दाढ पडली होती. "आबा, आता ही कुठे टाकायची?" मी फ्लॅटच्या छताकडे पाहिलं. वर सिमेंटचा स्लॅब, त्याच्यावर सहाव्या मजल्यावरच्या देशपांड्यांचा हॉल. तिथे कुठला उंदीरमामा?

मी फोन उचलला आणि अकरा वर्षांनी दादाला स्वतः लावला.

"हॅलो, दादा? बाळू बोलतोय."

पलीकडे शांतता. मग आवाज आला, पण फेसाळलेला. "थांब, कवळी लावतो."

मला हसू आवरेना. हजार दात बदलणाऱ्या शार्कच्या तोंडात एकही उरला नव्हता! मी सांगितलं, "घराच्या सह्या करून टाकू म्हणतो. पण त्याआधी तू ये. मुक्ताची दाढ पडलीय, कौलावर टाकायचीय. माझा नेम तुला ठाऊक आहे."

दादा समृद्धी महामार्गाने आला. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता त्याने कसा एका दमात गाठला हे त्याने पहिली पंधरा मिनिटं सांगितलं. मी मनात म्हटलं, वरून शार्कच. मग आम्ही तिघे महालात गेलो. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडलं. अंगणात गवत गुडघ्याएवढं. मुक्ताने दाढ पुढे केली. शेण काही मिळालं नाही, तेव्हा दादाने तिथली ओली माती घेऊन गोळा केला. हात वर उचलला आणि तसाच थांबला.

"काय झालं?"

"माझे सगळे दुधाचे दात ह्याच कौलावर आहेत रे बाळू. तुझेही. आईने दिलेले." त्याचा आवाज बसला. "मला वाटत होतं, तू हट्टाने विकू देत नाहीस. मी इकडे यायचंच टाळत होतो. आलो असतो, तर मलाच विकवलं नसतं."

वरून शार्क, आतून कायमिरा! आफ्रिकेतल्या त्या दगडाला यंत्र लागलं, दादाला एक दुधाची दाढ पुरली. मी काही बोललो नाही. दादाने नेम धरला. गोळा पन्हळीत अडकला. सत्तरीनंतर नेम जातोच. मी कोपऱ्यातली काठी आणून तो वर ढकलला.

घर आम्ही तीन महिन्यांनी विकलं. सांगायला लाज कशाला? छत गळत होतं, भिंत फुगली होती, आणि ४० कोटी वर्षं धरून बसणं माशाला जमतं, पेन्शनरला नाही. सह्या करण्याआधी आम्ही दोघांनी एकेक कौल उतरवून घेतलं. दादाचं मुंबईला गेलं. माझं बाल्कनीत तुळशीच्या कुंडीला टेकवून ठेवलंय. मुक्ताच्या उरलेल्या दाढांची सोय झाली.

प्रकल्पाला 'उत्तम' असा शेरा मिळाला. फक्त कपाळावरच्या दांडीपुढे मुक्ताने 'मुंडावळ्या बांधण्यासाठी' असं लिहिलं होतं, त्यावर बाईंनी लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

माझी कवळीही बसली. पहिल्या रविवारी दादाचा फोन आला. आता दर रविवारी येतो. "काय रे, चणे चावले का?"

म्हटलं, "नाही रे. अजून बाजूलाच काढतो. मुक्ता खाते."

"बरं करतो," दादा म्हणाला. "मीही तेच करतो."